निवडसूचीत नाव नाही: पहिल्याच पदोन्नतीत डावललं गेलेल्यांसाठी

आदेश बहुधा संध्याकाळी निघतो. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर पीडीएफ पडते आणि जो तो आपलं नाव शोधायला लागतो. नाव सापडलं नाही की माणूस पुन्हा पहिल्या पानापासून बोट फिरवतो. मग ज्येष्ठतासूची उघडतो. आपल्याखालच्या दोघांना पदोन्नती मिळाली आणि आपल्याला नाही, हे कळल्यावर त्या रात्री जेवण जात नाही. घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत, बरीच वर्षं काढली. पदोन्नतीचे प्रस्ताव स्वतःच्या हाताने तयार केले आणि एकदा स्वतःही डावललो गेलो. ज्यांना सेवेत येऊन पाच-सात वर्षं झाली आहेत, पहिली पदोन्नती तोंडाशी आली होती आणि चांगलं काम करूनही हुकली, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. केंद्राच्या नोकरीतल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. खासगी कंपनीचं गणित निराळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

आधी हे समजून घ्या: समितीपुढे काय जातं

विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीला तुम्हाला बोलावत नाहीत. तुमच्याऐवजी एक आडवा तक्ता जातो, मोठ्या कागदावर छापलेला, एका ओळीत एक कर्मचारी. डावीकडून ज्येष्ठता क्रमांक, नाव, प्रवर्ग, जन्मदिनांक, सेवेत आल्याचा दिनांक, विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक. मग मागच्या पाच वर्षांच्या वार्षिक अहवालांत कामाला मिळालेल्या प्रतवाऱ्यांचे पाच छोटे चौकोन: अ+, अ, ब+, ब यांपैकी जे असेल ते. त्यापुढे सरासरी, चौकशी चालू आहे का, मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र दिलंय का, आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. अशी तीस-चाळीस नावं एका बैठकीत असतात. एका ओळीवर सगळ्यांची नजर मिनिटभर थांबली तरी पुष्कळ.

तुम्ही दोन रविवार येऊन अभिलेख कक्ष लावून दिलात, अधिवेशनाच्या काळात तारांकित प्रश्नाचं उत्तर रात्री अकरापर्यंत बसून तयार केलंत, यातलं काहीही त्या ओळीत दिसत नाही. ते पाच चौकोनांपैकी एकात 'अ' होऊन बसलं तरच समितीपुढे आलं. पदोन्नतीत सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो असं माझं मत आहे. वाईट हेतूने डावलल्याची प्रकरणं मी पाहिली, नाही असं नाही. पण कागद वेळेवर न लिहिल्याने, न पाहिल्याने, न मागितल्याने हुकलेली त्याहून कितीतरी जास्त.

माझ्या ओळीत चार चौकोन भरलेले होते आणि पाचव्यात आडवी रेघ होती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'अहवाल अप्राप्त, पुढील बैठकीत'. ती रेघ होती २००५-०६ या वर्षाची. त्या पावसाळ्यात पुराचे पंचनामे करत आम्ही महिनाभर घर पाहिलं नव्हतं.

पहिले दोन दिवस

काही लिहू नका. संतापात लिहिलेला अर्ज आवक होतो, त्याला क्रमांक पडतो आणि तो तुमच्या नस्तीत कायमचा राहतो. 'साहेबांनी मर्जीतल्या माणसाला पुढे केलं' हे वाक्य पुढे न्यायाधिकरणात वाचलं जातं आणि पुरावा नसला की तुमच्याच अंगावर येतं. ज्याला पदोन्नती मिळाली त्याचं अभिनंदन करा. त्याने तुमचं काही हिसकावलेलं नसतं, तोही त्याच तक्त्यातली एक ओळ होता.

एवढंच करा: आदेशाचा क्रमांक, त्याची तारीख आणि तो तुम्हाला कोणत्या दिवशी कळला हे वहीत टिपून ठेवा. पुढच्या सगळ्या मुदती इथून मोजायच्या आहेत.

कोणत्या रकान्यात अडलं ते शोधा

सर्वांत आधी तुमच्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढा. बऱ्याच जणांनी ते कधी वाचलेलेच नसतात. पदोन्नती कशावर द्यायची हे तिथे एका वाक्यात असतं. 'ज्येष्ठतेच्या आधारे, योग्यतेस अधीन राहून' असं असेल, तर किमान योग्यता असलेल्यांमध्ये जो ज्येष्ठ तो पुढे. सर्वोच्च न्यायालयाने बी. व्ही. शिवय्या प्रकरणात १९९८ साली ज्येष्ठता-अधिक-गुणवत्ता या कसोटीचा असाच अर्थ लावला आहे: किमान गुणवत्ता ठरवा आणि ती असलेल्यांमधून ज्येष्ठतेने घ्या. म्हणजे या नियमाखाली 'मी त्याच्यापेक्षा चांगलं काम करतो, तरी तो ज्येष्ठ म्हणून पुढे गेला' ही तक्रार टिकत नाही. मनाला कितीही लागलं तरी ती टिकत नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. मात्र तुमच्यापेक्षा कनिष्ठ माणूस पुढे गेला असेल, तर तुमच्याच ओळीत कुठेतरी काहीतरी अडलेलं आहे. ते शोधायचं.

ज्येष्ठतेपासून सुरुवात करा. १ जानेवारीच्या स्थितीवर आधी तात्पुरती सूची निघते, हरकती मागवतात, मग अंतिम सूची. सध्या २०२१ चे सेवाज्येष्ठतेचे नियम लागू आहेत. चुका ठरलेल्या असतात: रुजू झाल्याचा दिनांक चुकतो, परीक्षेचा दिनांक भरलेलाच नसतो. जिल्ह्याच्या संवर्गात विनंती बदलीने आला असाल, तर नव्या जिल्ह्यात तुम्ही सूचीच्या तळाला जाता. बदली मागताना हे पुष्कळांना कोणी सांगत नाही. तात्पुरती सूची आली त्या वेळी हरकत न घेता पदोन्नतीनंतर सूचीवर बोट ठेवलं, तर पहिला प्रश्न येतो, 'इतके दिवस गप्प का होतात?'

मग परीक्षा. महसूल खात्यात दुय्यम सेवा परीक्षा आणि पुढे महसूल अर्हता परीक्षा असते, इतर खात्यांत त्यांच्या त्यांच्या. ठरलेल्या वर्षांत आणि ठरलेल्या संधींत ती सुटली नाही, तर काम कितीही चांगलं असो, मागचा माणूस पुढे जातो. इथे दाद मागण्यासारखं काही नसतं. सुटली असेल तर तिची नोंद सेवापुस्तकात आहे का, एवढं बघा. निकाल लागून तीन वर्षं झाली आणि नोंदच नाही, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

चौकशीच्या रकान्यात 'प्रस्तावित' असा शब्द दिसला तर मात्र थांबा. नुसती तक्रार आली आहे किंवा प्राथमिक चौकशी चालू आहे, एवढ्यावर तुमचा निर्णय मोहोरबंद पाकिटात, म्हणजे चौकशी संपेपर्यंत न उघडता बाजूला, ठेवता येत नाही. दोषारोपपत्र निघालेलं असलं पाहिजे, हे जानकीरामन प्रकरणात १९९१ सालीच ठरलं आहे. दोषारोपपत्र नसताना पाकीट बंद झालं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

रिक्त जागा आणि बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता) यांचा हिशेब आस्थापना शाखेत जाऊन बघता येतो. जागा सात होत्या आणि तुम्ही आठवे होतात, तर ते डावलणं नाही.

अहवाल: बहुतेकांचं घोडं इथेच अडतं

कार्यमूल्यमापन अहवाल, म्हणजे ज्याला आपण सगळे अजूनही सीआर किंवा गोपनीय अहवाल म्हणतो. नावात गोपनीय असलं तरी तो तुमच्यापासून गोपनीय नाही. यामागे एका अभियंत्याची लढाई आहे आणि ती प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला ठाऊक असावी असं मला फार वाटतं.

देव दत्त हे सीमा सडक संघटनेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी शेवटच्या पाचही वर्षांत 'अति उत्तम' शेरा हवा होता. त्यांना चार वर्षांत तसा होता, फक्त १९९३-९४ साली 'चांगला' होता. ती नोंद त्यांना कधी कळवलीच नाही, कारण 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नाही, असं खात्याचं म्हणणं. त्यांना डावलून कनिष्ठांना पदोन्नती मिळाली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे 'अति उत्तम'ची अट आहे, तिथे 'चांगला' हा शेराच माणसाला बाद करतो, आणि म्हणून चांगली असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. तरीही न्यायालयाने ती नोंद कळवायला, त्यांचं म्हणणं ऐकायला आणि नोंद सुधारली गेली तर मागील तारखेने पदोन्नतीचा विचार करायला सांगितलं. २०१३ साली सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हेच पुन्हा पक्कं केलं.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की दर वर्षीच्या अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि प्रत मिळाली की घड्याळ चालू होतं. केंद्रात १४ मे २००९ च्या परिपत्रकाने म्हणणं मांडायला १५ दिवस दिले आहेत. राज्यात प्रत देतानाच्या पत्रात किंवा ऑनलाइन प्रणालीत मुदत दिसते. 'ब+' बघून हायसं वाटतं आणि माणूस पान बंद करतो. तसं करू नका. मागच्या वर्षी 'अ' होता, काम तेच होतं, मग या वर्षी 'ब+' का, हे त्याच मुदतीत विनम्रपणे लेखी विचारा. पाच वर्षांनी सरासरी काढताना तो एक चौकोन तुमच्यावर उलटू शकतो, आणि तेव्हा कोणी ऐकत नाही.

प्रती मिळाल्या नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मी साधारण असा मसुदा देत असे:

'दिनांक … रोजी … संवर्गासाठी झालेल्या विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, समितीपुढे ठेवलेल्या विवरणपत्रातील माझ्या नावासमोरील नोंद, आणि सदर बैठकीत विचारात घेतलेले माझे पाच वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.'

इतरांचे अहवाल मागू नका. ती वैयक्तिक माहिती धरली जाते, अर्ज त्याच एका मुद्द्यावर अडकतो आणि महिने जातात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

अभिवेदन: एकच, नेमकं

कागद हातात आले की मगच अर्ज लिहायचा. त्याला अभिवेदन म्हणतात. दोन पानांच्या आत. माझ्या टेबलावर आलेली चौदा-चौदा पानांची अभिवेदनं मला आठवतात: बालपणीची गरिबी, आईचं आजारपण, साहेबांशी झालेलं बोलणं, सगळं त्यात. ती वाचताना वाईट वाटायचं, कारण मुद्दा नवव्या पानावर असायचा आणि टिपणी लिहिणारा तिथपर्यंत पोहोचायचा नाही.

क्रम असा ठेवा. तुमचा ज्येष्ठता क्रमांक आणि ज्या कनिष्ठाला पदोन्नती मिळाली त्याचा क्रमांक. तुम्ही सेवाप्रवेश नियमातल्या कोणत्या अटी कोणत्या तारखेला पूर्ण केल्या. कोणत्या रकान्यात काय चुकलं. ती चूक दाखवणारा कागद, सोबत जोडून. आणि शेवटी मागणी, एका वाक्यात: 'माझ्या प्रकरणी पुनर्विलोकन बैठक घेऊन, पात्र ठरल्यास माझ्या कनिष्ठाच्या पदोन्नतीच्या दिनांकापासून मानीव दिनांक मिळावा.'

मानीव दिनांक, म्हणजे ज्या मागच्या तारखेपासून पदोन्नती मिळाली असं मानलं जातं ती तारीख, हा शब्द लक्षात ठेवा. तो मिळाला की नुसती पदोन्नती मिळत नाही, ज्येष्ठताही परत मिळते. पुढच्या पदोन्नतीला तुम्ही पुन्हा त्या कनिष्ठाच्या वर असता. मधल्या काळाची थकबाकी मात्र बहुतेकदा मिळत नाही. वेतन काल्पनिक निश्चित करतात आणि प्रत्यक्ष पैसा पदभार घेतल्या दिवसापासून. तरीही दिनांक सोडू नका.

अर्ज 'योग्य मार्गाने', म्हणजे कार्यालयप्रमुखांमार्फत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. तो शिक्का असलेली प्रत घरी ठेवा. कपाटात, कार्यालयाच्या टेबलाच्या खणात नव्हे.

न्यायाधिकरण: तारीख चुकवू नका

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. १९९१ पासून ते आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. जिल्हा परिषद आणि महापालिकेचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत. त्यांना विभागातली दाद संपली की उच्च न्यायालयाकडे जावं लागतं.

मुदतीचा हिशेब १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यात आहे. अभिवेदन नाकारल्याचं पत्र आलं तर त्या दिवसापासून एक वर्ष. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघायची आणि ते संपल्यावर एक वर्ष. उदाहरणार्थ, ५ जुलै २०२५ ला अभिवेदन दिलं आणि उत्तर नाही, तर ५ जानेवारी २०२६ पासून एक वर्ष.

इथे भली भली माणसं फसतात. सहा महिन्यांनी स्मरणपत्र, मग दुसरं, मग मंत्रालयात फेरी, मग 'साहेब म्हणालेत बघतो'. या सगळ्यात तीन वर्षं जातात. एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पुन्हा पुन्हा अर्ज केल्याने मुदत वाढत नाही. 'बघतो' म्हणणारे साहेब चांगले असतात, मनापासून म्हणतात, आणि तीन वर्षांत त्यांची बदली होते. कॅलेंडरवर तारीख लावा आणि त्या आधी तीन महिने वकिलाला भेटा.

सेवाविषयक प्रकरणं नियमित चालवणारा वकील बघा. ज्यांच्या ज्येष्ठतेवर परिणाम होणार आहे त्या कनिष्ठांना प्रतिवादी करावं लागेल. हे अवघड जातं, कारण ते रोज शेजारच्या टेबलावर असतात. त्यांना आधी स्वतः भेटून सांगा. मी सांगितलं होतं. माझा सहकारी एवढंच म्हणाला, 'तुमच्या जागी मीही हेच केलं असतं.' प्रकरण पुढे शासनस्तरावरच मिटलं, मॅटपर्यंत जावं लागलं नाही. पण आमचं बोलणं कधी तुटलं नाही.

आणि न्यायाधिकरणाकडून काय मागायचं याबद्दल मनात गोंधळ नको. पदोन्नती मिळण्याचा हक्क कोणालाच नसतो. पदोन्नतीसाठी विचार होण्याचा हक्क मात्र अनुच्छेद १६ खाली मूलभूत आहे. न्यायाधिकरण शक्यतो समितीच्या जागी बसत नाही, समितीला पुन्हा बसायला लावतं.

मधल्या काळात

घरखर्चाच्या दृष्टीने आश्वासित प्रगती योजना तपासा. सुधारित योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वेतनाचा लाभ मिळतो, पदोन्नती मिळो न मिळो. त्यालाही अहवालांची प्रतवारी लागते, म्हणजे पुन्हा तेच पाच चौकोन. आणि रागाच्या भरात पुढची पदोन्नती नाकारू नका. त्याचा फटका या लाभालाही बसतो.

काम कमी करू नका, असं मी सांगतो ते उपदेश म्हणून नाही. डावलल्यानंतरच्या वर्षीच ज्यांचा अहवाल घसरला, त्यांचं मूळ भांडणही कमकुवत झालेलं मी पाहिलं. 'बघा, समिती बरोबरच होती' असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

येत्या ३१ मार्चसाठी

स्वयंमूल्यमापनाचा भाग तुम्ही स्वतः भरता. अहवालातली तेवढीच जागा तुमच्या हातात आहे. तिथे बहुतेक जण लिहितात, 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली.' प्रतिवेदन अधिकाऱ्याला, म्हणजे तुमचा अहवाल लिहिणाऱ्या साहेबांना, या वाक्यावरून 'अ' देता येत नाही, त्यांची इच्छा असली तरी. त्याऐवजी असं लिहा:

'वर्षात १,२४० प्रकरणे प्राप्त, १,१८५ निकाली, शिल्लक ५५, त्यापैकी एक महिन्यावरील ९. निवृत्तिवेतनाची २३ प्रकरणे निवृत्तीच्या दिनांकापूर्वी महालेखापालांकडे सादर. सहा गठ्ठा पद्धतीने २०१० पूर्वीच्या अभिलेखाचे वर्गीकरण पूर्ण.'

हे आकडे मार्चमध्ये आठवून मिळत नाहीत. कार्यविवरण नोंदवही (आलेल्या आणि निकाली काढलेल्या कागदांची वही) दर आठवड्याला बंद करत गेलात की दर महिन्याला एक ओळ वेगळ्या वहीत उतरवा. बारा ओळी झाल्या की स्वयंमूल्यमापन तयार. पूर, निवडणूक, जनगणना अशा जादा कामाचे आदेश, त्यांचे क्रमांक आणि तारखा त्याच वहीत ठेवा.

वर्षाच्या मध्येच तुमच्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यांनी तुमचं काम तीन महिने किंवा जास्त पाहिलेलं असेल, तर तेवढ्या काळाचा अहवाल त्यांनीच लिहायचा असतो. ते गेल्यावर तो मिळवणं फार कठीण. बदलीचा आदेश आला त्याच दिवशी तुमचा भाग भरून त्यांच्यापुढे ठेवा. आमचे साहेब २००५ च्या सप्टेंबरात बदलून गेले. पुरात त्यांनी आम्हाला गुडघाभर पाण्यात पंचनामे करताना पाहिलं होतं. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी त्यांना शाल आणि नारळ दिला. अहवालाचा कोरा नमुना माझ्या टेबलाच्या खणात तसाच होता.